बाल्कनीत मातीशिवाय भाजी : हायड्रोपोनिक्स करावं की ॲक्वापोनिक्स?

तगर

नमस्कार मंडळी. चिंचवडला सहाव्या मजल्यावर राहते. बाल्कनी पूर्वेला, १२ बाय ४ फूट असेल, ऊन सकाळी येतं ते साडेबारापर्यंत टिकतं, नंतर समोरच्या बिल्डिंगची सावली. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. पालेभाजी रोज लागते, आणि पावसाळ्यात जी मेथी-पालक मिळते तिची अवस्था तुम्हाला माहितीच आहे.

एका प्रदर्शनात मातीऐवजी खताच्या पाण्यावर भाजी वाढवायचं पाइपवालं हायड्रोपोनिक किट बघितलं, ३६ भोकं, खाली टाकी, छोटी मोटर, किंमत बावीस हजार. शेजारच्याच स्टॉलवर मासे आणि भाजी एकत्र वाढवायचं, म्हणजे ॲक्वापोनिक्सचं मॉडेल होतं, मुलं तिथून हलेनातच. खाली माशांची टाकी, वर वाफा, माशांच्या घाणीवर भाजी वाढते असं त्यांनी सांगितलं. दोन्हीकडे डेमोला फक्त लेट्यूस होतं. आमच्या घरात लेट्यूस कोणी खात नाही, मला माठ, पालक, चुका, कोथिंबीर, पुदिना असलं हवंय.

तर विचारायचं हे की यातलं कुठलं करावं? पाणी म्हणाल तर पवनेचं दिवसाआड, कमी पडलं की सोसायटीची बोअर. ज्यांनी घरी प्रत्यक्ष केलंय त्यांचं जास्त ऐकायचंय.

बाल्कनीबहाद्दर

तगर, किट अजिबात घेऊ नका, निदान आत्ता तरी नका घेऊ. मी ठाण्यात बरीच वर्षं करतोय आणि ज्याला त्याला हेच सांगतो की सुरुवात क्रॅट्कीने करा.

हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅट्की यांनी मांडलेली पद्धत आहे, मोटर नाही, वीज नाही, हवेचा पंप नाही. एक झाकणाचा डबा किंवा खोकं घ्यायचं, त्यात खताचं पाणी भरायचं, झाकणाला भोकं पाडून जाळीचे छोटे कप बसवायचे, कपात धुतलेलं कोकोपीट किंवा स्पंजचा तुकडा आणि त्यात रोप. सुरुवातीला कपाचा तळ पाण्यात जेमतेम सेंटीमीटरभर बुडलेला पाहिजे. रोप पाणी पितं, पातळी खाली जाते, आणि झाकण आणि पाणी यांच्यामध्ये जी मोकळी जागा तयार होते तिथली मुळं हवेतून ऑक्सिजन घ्यायला लागतात. खालची मुळं पाणी-खत घेतात, वरची श्वास घेतात. सगळी गंमत त्या मोकळ्या जागेत आहे. म्हणून पाणी कमी झालेलं दिसलं की काठोकाठ भरायचा मोह होतो तो टाळायचा, हवेची सवय झालेली मुळं बुडली की रोप दोन दिवसात मान टाकतं. परत भरायचंच झालं तर अर्ध्यापर्यंत.

डबा कुठला? मासळी बाजारात बर्फाची थर्माकोलची खोकी येतात, रिकामी झाल्यावर वीस-तीस रुपयाला देतात, कधी कधी तशीच देतात. स्वच्छ धुवायची, दोन दिवस उन्हात ठेवायची म्हणजे वास जातो, आतून काळं प्लास्टिक अंथरायचं. थर्माकोलमुळे पाणी तापत नाही, आणि आपल्याकडे खरी लढाई पाणी तापण्याशीच आहे. पीव्हीसी पाइपात पाण्याचा थर बोटभर असतो, एप्रिलमधे दुपारी तो चहासारखा होतो. डेमो एसी हॉलमधे असतो म्हणून लेट्यूस टवटवीत दिसतं.

एक खोकं, चार-सहा भोकं, पालक. एवढंच करा आधी.

गवतीचहा

वाचतेय. पण साठलेलं पाणी म्हणजे डास नाही का होणार? आमच्या सोसायटीत महापालिकेची माणसं येऊन कुंडीखालच्या ताटल्या सुद्धा तपासतात.

सांगलीकर

बाल्कनीबहाद्दर यांनी पद्धत छान सांगितली, मी खताचं सांगतो कारण लोक तिथेच फसतात.

ऑनलाइन 'हायड्रोपोनिक न्यूट्रिएंट ए आणि बी' म्हणून ज्या बाटल्या मिळतात त्यात जे असतं तेच आमच्याकडे द्राक्षबागेला ड्रिपमधून जातं. सांगली, तासगाव, नाशिक कुठल्याही कृषी सेवा केंद्रात किलोच्या पुड्या मिळतात, पुण्यातही मार्केट यार्डाच्या बाजूला मिळतील. तुम्हाला चार वस्तू लागतील : कॅल्शियम नायट्रेट, १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट), ००:५२:३४ (मोनोपोटॅशियम फॉस्फेट), आणि मॅग्नेशियम सल्फेट. हे आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांचे. दुकानदार १९:१९:१९ गळ्यात मारेल, 'सगळ्याला चालतं' म्हणेल, ते घेऊ नका. त्यातला अर्ध्याहून जास्त नायट्रोजन युरियाच्या रूपात असतो. मातीत जिवाणू युरियाचं रूपांतर करून देतात, तुमच्या डब्यात ते जिवाणू पुरेसे नाहीत, झाड उपाशी राहतं, आणि टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं पेन) लावूनही काय झालं ते कळत नाही, कारण युरिया मीटरवर दिसतच नाही.

पालेभाजीसाठी १० लिटरला : कॅल्शियम नायट्रेट ६ ग्रॅम, १३:००:४५ ३ ग्रॅम, ००:५२:३४ २ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम. वर चिलेटेड लोह (१२ टक्केवालं) ०.२ ग्रॅम आणि मायक्रोन्यूट्रिएंट मिक्स अगदी किंचित, कारण फवारणीच्या मिक्समधे जस्त आणि तांबं भरपूर असतं. ०.२ ग्रॅम घरच्या काट्यावर मोजता येत नाही, म्हणून २ ग्रॅम लोह १०० मिली पाण्यात विरघळवून ठेवा आणि त्यातलं १० मिली घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं : कॅल्शियम नायट्रेट आणि बाकीची खतं कोरडी किंवा घट्ट द्रावणात एकत्र करायची नाहीत. सल्फेट आणि फॉस्फेटबरोबर कॅल्शियमचा पांढरा चुनकट साका बसतो आणि तो झाडाच्या उपयोगाचा राहत नाही. ए आणि बी अशा दोन बाटल्या असतात त्या याचसाठी. आधी डब्यात पूर्ण पाणी, मग एक एक खत वेगळं विरघळवून ओतायचं.

आणि हे सगळं मुलांच्या हाताला लागणार नाही असं वर ठेवा.

तगर

सांगलीकरदादा, एवढं मापासकट कोणी सांगितलं नव्हतं, खूप आभार. पाण्याचा पीएच वगैरे बघायलाच लागतो का?

सांगलीकर

लागतो. पीएच साडेपाच ते साडेसहा पाहिजे. त्याच्या वर गेला की पहिलं लोह अडतं, कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की समजायचं. नळाचं पाणी बहुतेक ठिकाणी साडेसातच्या आसपास असतं. फॉस्फोरिक ॲसिड पातळ करून थेंबाथेंबाने घालायचं, ॲसिड पाण्यात घालायचं, ॲसिडमधे पाणी ओतायचं नाही, चष्मा आणि हातमोजे घालून. लिंबू, व्हिनेगर दोन दिवस टिकतं, परत पीएच जिथल्या तिथे.

बोअरच्या पाण्याचा टीडीएस आधी मोजा. दख्खनच्या काळ्या खडकातलं पाणी जड असतं, बायकार्बोनेट भरपूर, पीएच खाली आणला तरी परत चढतो. वरच्या मापाने साध्या पाण्यात टीडीएस पेनवर साधारण ७०० ची भर पडते. पवनेचं पाणी १०० च्या आसपास असेल तर काही प्रश्न नाही. बोअर आधीच ६००-७०० असेल तर खत घालायला जागाच उरत नाही. तेव्हा नळाचं पाणी आलं की खोकी भरून घ्यायची, बोअर फक्त फरशी धुवायला.

पाचोळा

माफ करा पण मला हा सगळा खटाटोप पटत नाही. चार प्रकारची रासायनिक खतं, ॲसिड, मीटर, थर्माकोल, प्लास्टिक, कशासाठी? जुडीभर माठासाठी? श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून इतकी वर्षं सांगितलं, पालापाचोळा कुजवून त्यात मूठभर माती, सूर्यप्रकाश मोजून वापरा, दहा गुंठ्यात कुटुंब उभं राहतं. मुंबईत डॉ. दोशींनी उसाच्या चिपाडावर गच्चीत भाजी काढून दाखवली. पुण्यात शेकडो घरांत नुसत्या सुक्या पानांवर आणि ओल्या कचऱ्यावर बागा चालू आहेत, माती जवळजवळ नाही, वजनही कमी, आणि घरचा ओला कचरा घरातच जिरतो. तुमच्या घरचा कचरा तुम्ही गाडीत टाकणार आणि वर दुकानातून खत आणणार. यात शेती शिकण्यासारखं काय आहे? मुलांना गांडूळ दाखवा, टीडीएस मीटर कशाला.

गवतीचहा

पाचोळा +१. पण माझा डासांचा प्रश्न राहिलाय.

अणुरेणू

पाचोळाकाका, तुमच्या बागेबद्दल आदर आहेच, मी स्वतः टेरेसवर पानांचा ढीग लावते. पण 'रासायनिक' हा शब्द ज्या अर्थाने आला त्याबद्दल बोलायला पाहिजे, मी शिकवते रसायनशास्त्रच.

झाड नायट्रोजन मुख्यतः नायट्रेट आणि अमोनियम या आयनांच्या रूपात घेतं. शेणखतातला नायट्रोजन जिवाणूंनी फोडून नायट्रेट केला तरी तो तोच आयन, पुडीतला असला तरी तोच. त्यामुळे पालक खाल्ल्यावर 'केमिकल' पोटात जातं असं नाही, कीटकनाशक मारलंत तर वेगळी गोष्ट.

खरी काळजी घ्यायची ती दुसरीच आहे. पालेभाज्या ऊन कमी मिळालं की नायट्रेट पानात साठवतात, कारण ते प्रथिनांत बदलायला लागणारी ऊर्जा उजेडातून येते. म्हणजे अंधाऱ्या बाल्कनीत दाट खत देऊन वाढवलेला पालक चांगला नव्हे. तगर, तुमच्याकडे पाच तास ऊन आहे त्यामुळे चिंता नाही, तरी काढणीच्या आधी दोन-तीन दिवस नुसत्या पाण्यावर ठेवलंत तर नायट्रेट उतरतं, आणि भाजी सकाळी न काढता दुपारनंतर काढायची.

सेंद्रिय म्हणायचं का यावर जगात एकमत नाहीये. अमेरिकेत हायड्रोपोनिक मालाला ऑरगॅनिक सर्टिफिकेट मिळतं, युरोपात मातीशिवाय मिळत नाही. घरच्या भाजीला सर्टिफिकेट कोण विचारतंय, पण वाद का होतो ते कळावं म्हणून सांगितलं.

पाचोळा

आयन तोच असेल हो ताई, पण जमीन जिवंत असते, डबा नसतो. मी माझं मत बदलत नाही. नायट्रेटचं मात्र माहीत नव्हतं, लक्षात ठेवतो.

स्ट्रक्चरवाला

बाल्कनीचं बोलतोय कोणीच नाही म्हणून मी बोलतो. पाणी १ लिटर म्हणजे १ किलो. आयएस ८७५ मधे (इमारतीवर किती भार धरायचा त्याचं भारतीय मानक) घराच्या बाल्कनीला चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ३०० किलो धरतात, त्यात माणसं, कुंड्या, वॉशिंग मशीन सगळं आलं. १५-२० लिटरची खोकी भिंतीच्या कडेने ठेवलीत तर काहीच प्रश्न नाही. पण २००-३०० लिटरची माशांची टाकी कठड्याजवळ, आणि बाल्कनी कॅन्टीलिव्हर (एकाच बाजूला आधार, बाकी अधांतरी) असेल, तर मी नको म्हणेन. जुनी बिल्डिंग, गळकी बाल्कनी, सळई गंजलेली असेल तर आणखीच नको. टाकी ठेवायचीच असेल तर आतल्या खोलीत, बीमच्या वर, आणि आधी कोणा इंजिनियरला घरी बोलवून दाखवा.

फोंडेकर

मी गोव्याहून. घरामागे ॲक्वापोनिक्स चालवतो, त्यामुळे त्या बाजूचं सांगतो.

मासे खातात, अमोनिया सोडतात. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, नायट्रेट झाडं घेतात आणि पाणी माशांकडे परत. ऐकायला सोपं आहे, पण हे जिवाणू विकत आणून ओतले आणि झालं असं होत नाही, खडीच्या वाफ्यात त्यांचं बस्तान बसायला चार ते सहा आठवडे जातात. त्या काळात घाईने मासे सोडले तर नायट्राइटने मरतात. टेस्ट किट घेऊन अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्याला येईपर्यंत थांबायचं.

दुसरी अडचण पीएचची. झाडांना सहा हवा, जिवाणूंना साडेसातच्या पुढे आवडतं, माशांना मधलं, म्हणून सगळे ६.८ ते ७ वर तडजोड करतात. आणि अमोनिया किती विषारी ते पीएचवर ठरतं, ३० अंशाच्या पाण्यात पीएच ७ असेल तर त्यातला १ टक्काही विषारी रूपात नसतो, ८ झाला की ७-८ टक्के. म्हणजे जड पाणी असेल तर तेवढ्याच घाणीत मासे तडफडतात. तगरताई, तुमची बोअर इथेही आड येणार.

तिसरं, वीज. हायड्रोपोनिक्सच्या खोक्याला वीज गेली तर काही होत नाही. माशांच्या टाकीची हवा बंद पडली आणि मासे दाट असतील तर काही तासांत खेळ संपतो. ५-१० वॅटचा एअर पंप इन्व्हर्टरवर घेतल्याशिवाय मी कोणाला मासे सोडू देत नाही. सुरुवातीला १०० लिटरला किलोभर मासे यापेक्षा जास्त नको. नळाचं पाणी क्लोरीन उडून जायला एक दिवस उघडं ठेवायचं. झाडावर मावा आला तर निंबोळी तेल, साबण काही मारता येत नाही, पाण्याच्या फवाऱ्याने धुवायचं. आणि माशांच्या खाद्यात लोह, पोटॅश, कॅल्शियम झाडाला पुरेल इतकं नसतं, ते वरून द्यावंच लागतं.

एवढं सांगून घाबरवायचं नाहीये. आमच्या गोव्यात खाजन शेती आहे, बांध घालून खाडीचं पाणी अडवायचं, पावसात कोरगुट भात, भात निघाला की मानशीतून (बांधातल्या दारातून) भरतीचं पाणी आत आणि त्याच शेतात कोळंबी-मासे. जुनी माणसं ते पाणी बघून सांगायची आता मानस उघडा, आता बंद करा. मासे आणि पीक एका पाण्यावर पोसणं आपल्याला परकं नाही, पण ते बघायला घरात रोज कोणीतरी माणूस पाहिजे.

भीमाकाठ

फोंडेकर, भारी लिहिलंत. माशांबद्दल एक : टाकीत कुठले मासे सोडायचे हे दुकानदाराच्या सांगण्यावर ठरवू नका. मागूर म्हणून जो आफ्रिकन मागूर विकतात तो पाळायला भारतात बंदी आहे. चिलापी म्हणजे तिलापिया आमच्या उजनीत चिक्कार, कणखर मासा, जगभर ॲक्वापोनिक्सवाले तिलापियाच पाळतात, पण त्याच्या सुधारित जाती पाळायला आपल्याकडे परवानगी लागते आणि ओढ्यात-तलावात सुटला तर स्थानिक मासे संपवतो. रोहू-कटला २०० लिटरच्या टाकीत वाढत नाहीत, त्यांना तळं लागतं. घरात खायला मासे हा विचार सोडून द्यावा, गोल्डफिश ठेवा, मुलं खूश, घाण पण भरपूर करतात म्हणजे झाडं खूश.

खवय्या

म्हणजे मासे बघायचे आणि भाजी खायची. आमच्या मालवणात या व्यवस्थेला कोणी तयार होणार नाही हाहा.

जर्सीतली मावशी

न्यू जर्सीतून नमस्कार. आमच्याकडे नोव्हेंबर ते मार्च बाहेर काहीच उगवत नाही, म्हणून बेसमेंटमधे एलईडीखाली क्रॅट्की. इथे सगळे जण मास्टरब्लेंड नावाचं खत वापरतात, सांगलीकरांच्या पुड्यांसारखंच, तीन वस्तू वेगवेगळ्या विरघळवायच्या. दिवे रोज चौदा तास. मेथी, कोथिंबीर, पुदिना आणि तुळस एवढं नेमाने येतं.

कोथिंबिरीचं सांगते, धणे आख्खे टाकायचे नाहीत, हलकेच रगडून दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायचे आणि एका कपात सात-आठ दाणे. उगवायला दहा-बारा दिवस घेते, बाकीचं उगवलं म्हणून ती फेकून देऊ नका. पुदिन्याला बी नकोच, जुडीतली काडी ग्लासात ठेवली की आठवड्यात मुळं. लेकीच्या शाळेतल्या मैत्रिणींना पाणीपुरीची चटणी घरच्या पुदिन्याची लागते आता.

दुबईकर

उन्हाळ्याबद्दल. आमच्याकडे तर नळाचंच पाणी ४० अंशाचं येतं. मुळांना १८ ते २२ बरं, २५ च्या वर काळजी, ३० ला मुळं तपकिरी आणि बुळबुळीत व्हायला लागतात, पिथियम नावाचा बुरशीसारखा रोगजंतू. कारण असं की पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन मावत नाही, २० अंशाला लिटरमधे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० ला साडेसात, आणि मुळांची भूक मात्र तापल्यावर वाढते.

एसीचं पाणी बादलीत धरून ठेवा. ते जवळजवळ डिस्टिल्ड असतं, टीडीएस नगण्य, बोअरच्या पाण्यात निम्मं मिसळलं तरी काम होतं. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र उलट, त्यात क्षार एकवटलेले असतात, ते चुकूनही नको.

माणदेशी

थोडं विषयांतर. हायड्रोपोनिक म्हटलं की आमच्या भागात भाजी नाही, मक्याचा चारा आठवतो. दुष्काळात लोकांनी बांबू आणि शेडनेटच्या खोल्या केल्या, ट्रेमधे मका भिजवून मोड आणायचे, दर दोन-तीन तासांनी पाण्याचा फवारा, सात-आठ दिवसांत हिरवीगार गादी. १ किलो मक्याचा पाच-सहा किलो चारा होतो. गोव्यात आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषद) केंद्रात पण यावर काम झालंय, फोंडेकरांना माहीत असेल.

पण विकणारे सांगतात त्यात एक गोष्ट राहते. ते पाच-सहा किलो म्हणजे बहुतेक पाणीच. सुका भाग मोजला तर दाण्यापेक्षा थोडा कमीच भरतो, कारण मोड येताना बी स्वतःचं पिठूळ खाऊन वाढतं. हिरव्यासाठी आसुसलेल्या दुभत्या जनावराला तो देण्यात अर्थ आहे, दूध धरून राहतं, कडब्याला जोड म्हणून उत्तम. पण मका महाग असताना नुसत्या त्याच्यावर गाय पोसायला निघाला तो माणूस कर्जात जातो. बुरशी लागलेला ट्रे जनावराला घातला तर आणखी वाईट. छावण्यांच्या दिवसांत हे सगळं जवळून बघितलंय म्हणून कळवळून लिहितोय. पाण्याने वजन वाढतं, पोषण वाढत नाही, हे भाजीच्या किटवाल्यांचे किलोचे आकडे ऐकताना पण लक्षात असू द्या.

अणुरेणू

माणदेशी, फार मोलाचं लिहिलंत. याचा वेगळा धागा काढा ना, पशुपालन करणाऱ्यांना उपयोग होईल.

इतिहासप्रेमी

कोणाला वाटत असेल हे सगळं कालपरवाचं फॅड आहे तर तसं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठात गेरिके यांनी १९३० च्या आसपास खताच्या पाण्यात टोमॅटोचे वेल चढवून दाखवले आणि हायड्रोपोनिक्स हे नावही त्यांनीच १९३७ साली रूढ केलं. आणि भारतात १९४६ च्या सुमारास कालिम्पाँगला शोल्टो डग्लस यांनी गरिबाला परवडेल अशी पद्धत बसवली, खडी-वाळूचे वाफे, खताची कोरडी पूड वरून टाकायची आणि हाताने पाणी, ना पंप ना पाइप. बंगाल पद्धत म्हणून ती जगात ओळखली गेली. म्हणजे महागड्या किटाशिवाय करायची परंपरा आपल्याच देशातली आहे. शाळेत हे कोणीच सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

गवतीचहा

डास!!

बाल्कनीबहाद्दर

गवतीचहा, सॉरी, तुमचा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा होता. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो त्यामुळे भीती रास्त आहे. क्रॅट्कीत झाकण घट्ट, कपाच्या कडेला फट नाही, भोकाला रोप नसेल तर ते चिकटपट्टीने बंद. उजेड आत गेला नाही तर शेवाळंही होत नाही, आणि डासालाही आत जायला वाट नाही. हवेसाठी भोक ठेवायचं असेल तर त्यावर मच्छरदाणीचा तुकडा. दर आठवड्याला झाकण उचलून बॅटरी मारून बघायचं, अळी दिसली तर पाणी बागेच्या मातीत ओतून टाका, ड्रेनेजमधे नको. उघड्या टाकीवाल्यांनी गप्पी मासे सोडावे, पालिकेच्या मलेरिया विभागाकडे बहुतेक शहरांत फुकट मिळतात.

गवतीचहा

आता मीही एक खोकं लावते.

तगर

सगळ्यांची उत्तरं घरी मोठ्याने वाचून दाखवली. सासूबाई पाचोळाकाकांच्या बाजूने, मुलगा भीमाकाठ यांच्या गोल्डफिशच्या बाजूने आणि नवरा खवय्यांच्या बाजूने.

ठरलंय ते असं. किट नाही. थर्माकोलची तीन खोकी, नळाच्या पाण्यावर. सांगलीकरदादांच्या पुड्या आणि एक टीडीएस पेन. सासूबाईंसाठी एका ड्रममधे पाचोळा आणि भाजीची देठं, मेथी तिथे. मासे बाल्कनीत नाहीत, मुलांसाठी हॉलमधे छोटी टाकी, तिचं बदललेलं पाणी त्या ड्रमला, त्याला ॲक्वापोनिक्स म्हणतात का माहीत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे परत येते. मार्चचा शेवट आहे, आत्ता लावलं तर उन्हाळाभर काय टिकेल? पालक टिकेल का?

फोंडेकर

टाकीचं पाणी ड्रमला घालणं उत्तमच. मीठ किंवा औषध टाकलेलं असेल त्या आठवड्यात मात्र नको.

सांगलीकर

आपला देशी पालक विलायती स्पिनचपेक्षा ऊन सोसतो, पण मे मधे तोही बारीक पानं काढून तुऱ्यावर जाईल. लाल माठ आणि राजगिरा लावा, त्यांना ऊनच पाहिजे. उन्हाळ्यात झाड पाणी जास्त पितं आणि खत कमी, त्यामुळे डब्यात उरलेलं खत दाट होत जातं. टीडीएस पेनवर ९०० च्या पुढे गेलं तर नुसतं पाणी घालून खाली आणा. चुका आणि पालक ऑक्टोबरात सुरू करा, तेव्हा फेब्रुवारीपर्यंत खुडून खुडून खाता येईल.

बाल्कनीबहाद्दर

आणि नाळीची भाजी! आश्चर्य आहे की अजून कोणी नाव घेतलं नाही. कलमी साग म्हणतात बंगाली लोक. ती मुळात पाण्यातलीच, तळ्याच्या कडेने पसरते, ३०-३५ अंशात खूश, तिला ना हवेची जागा लागते ना पंप. ठाण्या-वसईकडे बाजारात जुडी मिळते, पुण्यात बंगाली भाजीवाल्यांकडे विचारा. कोवळी पानं काढून भाजी करायची, जाड देठाचा दोन पेरांचा तुकडा ठेवायचा, एक पेर पाण्यात एक वर. चार-पाच दिवसात मुळं फुटतात. खोक्यात लावलीत तर खत सांगलीकरांच्या निम्म्या मापाने सुद्धा पुरतं. कापली की परत फुटते. लसूण आणि सुकी मिरची, बाकी काही नको. फक्त एक काळजी, तुकडे नदी-नाल्यात टाकू नका, पसरते फार. आणि बाजारातली जुडी कुठल्या पाण्यातली असेल सांगता येत नाही, म्हणून आणलेली आधी नीट शिजवूनच खा, कच्ची नको, आणि घरच्या खोक्यात फुटलेली नवी पानं तेवढी बिनधास्त खुडा.

तगर

नाळी सासूबाईंना माहितीये! त्या पालघरच्या, लहानपणी खायच्या म्हणे. रविवारी जाते शोधायला. कोणाला चिंचवड-निगडी भागात कुठे मिळते माहीत असेल तर सांगा प्लीज.

भीमाकाठ

निगडीत नाही बघितली. खडकी बाजारात सकाळी लवकर जाऊन विचारून बघा, नाहीतर बियाणं पण मिळतं, रात्रभर भिजवून कपात टाकलं की झालं.